पैसे देण्याआधी १०६४

जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं सरत्या वर्षात किती सापळे लावले, किती लोकसेवक पकडले, कोणतं खातं वरच्या क्रमांकावर राहिलं. राज्याचा हिशेब पाहिला तर पहिले दोन क्रमांक बहुतेक वर्षी महसूल आणि पोलीस यांच्यातच वाटले जातात. सापळ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत साधारण सहाशे ते आठशेच्या आसपास फिरते आहे. २०११ च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटी माणसं मोजलेल्या राज्यात वर्षाला एवढेच सापळे. आपल्या धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके, सहाशेवर ग्रामपंचायती आणि त्याच जनगणनेनुसार साडेसोळा लाखांवर माणसं आहेत. इथल्या वाट्याला त्यातले मोजके येतात.

ती बातमी वाचून आपण म्हणतो, "बघा, किती खातात." पण त्या आकड्यातून लाच किती घेतली गेली हे कळतच नाही. किती माणसं तक्रार द्यायला गेली, तेवढंच त्यातून कळतं. ज्या वर्षी आकडा घटतो, त्या वर्षी कचेऱ्या सुधारल्या असं समजू नका. कदाचित लोकांनी गुपचूप पैसे देऊन कामं उरकली असतील. माझ्या मते बहुतेक वेळा तसंच झालेलं असतं, आणि म्हणूनच हे लिहितो आहे.

या विभागाचं वर्षाचं काम तीन प्रकारांत मोडतं. लाच मागितल्याच्या तक्रारीवरून लावलेले सापळे, उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्ता जमवल्याची म्हणजे अपसंपदेची प्रकरणं, आणि अधिकाराचा गैरवापर करून केलेला इतर भ्रष्टाचार. अपसंपदेच्या प्रकरणात विभाग स्वतः मिळवलेल्या माहितीवरून सुरुवात करू शकतो. अधिकाऱ्यानं कामाच्या ओघात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची असेल, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ च्या दुरुस्तीनं आलेल्या १७-अ कलमाप्रमाणे आधी सरकारची परवानगी लागते. सापळ्याला ती लागत नाही. सापळ्याला लागतो तो तक्रारदार. ज्याच्याकडं पैसे मागितले, तोच माणूस समोर यावा लागतो. पोलीस उपअधीक्षक कितीही कर्तबगार असो, तुमच्या विहिरीच्या फायलीवर कुणी किती मागितले हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. वर्षाच्या कामात सर्वांत मोठा वाटा सापळ्यांचा असतो, म्हणजे या खात्याच्या वार्षिक कामगिरीतला मोठा भाग नागरिकांच्या हातात आहे.

आपल्या जिल्ह्यात पैसे कुठं मागितले जातात, ते वेगळं सांगायची गरज नाही. तरी सांगतो, कारण आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की तो गुन्हा आहे हेच डोक्यातून गेलं आहे. रोजगार हमीतून सिंचन विहीर मंजूर होते. अनुदान लाखांत असतं, आणि मंजुरीपासून शेवटच्या बिलापर्यंत प्रत्येक सहीला कुणीतरी हात पुढं करतं. घरकुलाचे पैसे हप्त्याहप्त्यानं येतात. पाया झाला, लिंटल झालं, की फोटो काढून ऑनलाइन चढवावा लागतो, आणि तो चढवायलाच पैसे मागितले जातात. ज्याच्या घराला अजून छत नाही, त्याच्याकडून घराच्या पैशातलाच वाटा काढून घ्यायचा! मला या प्रकाराचा जेवढा राग येतो तेवढा मोठ्या घोटाळ्यांचाही येत नाही.

जमिनीचं तर विचारूच नका. वडील गेले, भाऊ पुण्या-मुंबईला, वारस नोंद करायची आहे. खरेदीखत झालं, फेरफार ओढायचा आहे. बँकेचं कर्ज फिटलं, सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायचा आहे. त्यातच आपला भाग निजामाच्या राज्यातला. इनामाच्या, मदतमाशच्या जमिनी, उर्दूतल्या जुन्या नोंदी, भोगवटादार वर्ग दोनच्या म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनी. लोहारा आणि उमरगा तालुक्यात १९९३ च्या भूकंपानंतर वसवलेल्या गावांमधल्या घरांचे कबाले, म्हणजे मालकीचे कागद. कागद जितका गुंतागुंतीचा, तितकी तो वाचू शकणाऱ्या माणसाची किंमत वाढते, आणि ती किंमत तो वसूल करतो. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदींचे उतारे आणि जातीचे दाखले यांसाठीही रांगा लागल्या आहेत. जिथं रांग आणि घाई, तिथं मागणारा उभा राहतोच.

मागणी सरळ शब्दांत क्वचित होते. "साहेबांकडं फाईल अडकलीय." "तेवढं बघा की." "वर द्यावं लागतंय, मला काय राहत न्हाई." "ते समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं ठिवा." अशा वेळी घाबरून मान डोलावू नका आणि भांडूही नका. साधेपणानं विचारा: "किती? कशाचे? पावती मिळंल का?" सरकारी शुल्क असेल तर पावती मिळतेच. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, महावितरणच्या कोटेशनचे पैसे भरले की पावती येते. वारस नोंदीसाठी तलाठ्याच्या हातात रोख ठेवावी असं कोणतंही शुल्क नाही. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी. पाटी बदलली तरी नियम तेच आहेत. ज्या रकमेची पावती द्यायला समोरचा तयार नाही, ती रक्कम काय आहे हे तुम्हाला तिथंच समजेल.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ चा, त्यात मोठी दुरुस्ती झाली २०१८ मध्ये. कलम ७ खाली लाच घेणाऱ्या लोकसेवकाला किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद होऊ शकते, शिवाय दंड. लाच हातात पडली पाहिजे असंही नाही. मिळवण्याचा प्रयत्न केला तरी गुन्हा होतो. म्हणून ऐनवेळी संशय येऊन त्यानं पैसे घेतले नाहीत, तरी मागणी सिद्ध होत असेल तर गुन्हा दाखल होऊ शकतो. रकमेला खालची मर्यादा नाही. पाचशे रुपये मागणाराही याच कलमात बसतो. सरपंच लोकसेवक आहे. अनुदानित शाळेचा मुख्याध्यापक आणि लिपिकही या कायद्यातून सुटत नाहीत. आणि "साहेबांसाठी" म्हणून पैसे घेणारा खासगी माणूस, मग तो दलाल असो, गाडीचा चालक असो की दुकानदार, त्याच्यासाठी वेगळं कलम ७-अ आहे. दुसऱ्याच्या हातानं घेतले म्हणून कुणी वाचत नाही. फोनपेवर घेतले तर उलट पुरावा आणखी पक्का होतो.

आता तुमच्या बाजूचं. २०१८ पासून लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ८. शिक्षा सात वर्षांपर्यंत. हे ऐकून पुष्कळ लोक तक्रारीलाच घाबरतात, "आपणच अडकू" म्हणतात. तसं होऊ नये याची सोय त्याच कलमात केलेली आहे. तुम्ही आधी विभागाला कळवलं आणि मग त्यांच्या सांगण्यावरून पैसे दिले, तर तुमच्यावर गुन्हा नाही. आणि नाइलाजानं, दबावाखाली पैसे देऊन बसला असाल, तर दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा विभागाला कळवा; मग हे कलम तुम्हाला लागू होत नाही. सात दिवस हा आकडा घरात सगळ्यांना सांगून ठेवा. "गेले ते गेले" म्हणून महिनाभर गप्प बसलात, तर ही सवलत हातची जाते.

ही सवलत अडलेल्या माणसासाठी आहे. खोटं बिल काढायला टक्केवारी देणारा ठेकेदार, सीना-मांजरा-तेरणेतली वाळू चोरून नेण्यासाठी हप्ता देणारा, नियमात बसत नसताना यादीत नाव घुसवायला पैसे मोजणारा, यांनी आपण नाडले गेलो असं म्हणू नये. गावात या लोकांची ओळख आपल्याला असते, आणि अडलेल्या माणसाला तक्रारीपासून अडवणारेही बहुधा तेच असतात.

तक्रार कशी करायची ते सांगतो, कारण इथंच बहुतेकांचं पाऊल अडतं. १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. विभागाचं एक घटक कार्यालय आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, आणि तुम्ही तिथं थेट जाऊ शकता. परंड्याहून किंवा उमरग्याहून येणाऱ्याचा दिवस मोडतो, म्हणून आधी फोन करा. अधिकारी भेटायची जागा आणि वेळ सांगतात. ज्या कचेरीविरुद्ध तक्रार आहे तिच्या आवारात, चहाच्या टपरीवर, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याचा एक शब्दही काढू नका. सापळे फसतात ते बहुतेक वेळा असे. बायकोला किंवा भावाला सांगितलं तर तेवढ्यावरच थांबवा.

तुम्ही सांगितलं आणि लगेच गाडी निघाली, असं होत नाही. आधी पडताळणी होते. सरकारी नोकरीतले दोन पंच बोलावले जातात, बहुधा दुसऱ्या खात्यातले. तुमच्याजवळ आवाज टिपणारं छोटं यंत्र दिलं जातं आणि तुम्ही त्या माणसाशी पुन्हा बोलता, शक्य असेल तेव्हा पंच सोबत असताना. मागणी खरंच होते का, किती होते, कशासाठी होते, हे त्यात यावं लागतं. तडजोड होऊन आकडा कमी-जास्त होतो, तोही नोंदला जातो. पुढं सापळ्याच्या दिवशी नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून घेतात आणि नोटांना अँथ्रासिनची पावडर लावतात. ती साध्या उजेडात दिसत नाही, अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. काही ठिकाणी फिनॉल्फ्थॅलिन वापरतात, मग सोड्याच्या पाण्यात हात बुडवल्यावर पाणी गुलाबी होतं. ज्याचे हात चमकले त्याला "मी शिवलोच नाही" म्हणता येत नाही.

या वेळी तुम्ही काय करायचं, यावर पुढचा सगळा खटला उभा राहतो. पैसे स्वतःहून पुढं करू नका. त्यानं मागू द्या. "घ्या की साहेब, ठेवा की" असं म्हणत खिशात कोंबू नका, टेबलावर टाकून निघून येऊ नका. हस्तांदोलन करू नका, पाठीवर हात ठेवू नका. त्यानं मागितलं, तुम्ही दिलं, त्यानं घेतलं, मग ठरलेली खूण. सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत सांगितलं आहे की नुसत्या नोटा सापडून भागत नाही, मागणी सिद्ध झाली पाहिजे. रागाच्या भरात बोलाल, टोमणे माराल, तर त्याला संशय येईल. रोज बोलता तसंच बोला. आणि काही विसरलात तरी नंतर ते लपवू नका, जे झालं तेच सांगा.

सापळा यशस्वी झाला की स्थानिक पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होतो. अटकेत अठ्ठेचाळीस तासांहून जास्त राहिलेला राज्य सरकारचा कर्मचारी शिस्त व अपील नियमांप्रमाणे निलंबित झाला असं मानलं जातं.

लोक तीन भीती सांगतात, आणि त्या तिन्हींत तथ्य आहे. पहिली पैशाची. नाडलेल्या माणसानं सापळ्यासाठी वीस हजार कुठून आणायचे? आणि ते पुराव्यात जप्त झाले तर? ही रक्कम विभागाकडून तक्रारदाराला परत मिळण्याची व्यवस्था आहे; तक्रार देतानाच त्याबद्दल विचारा, आणि रक्कम जमत नसेल तर तेही मोकळेपणानं सांगा. लाजायचं कारण नाही. व्याजानं पैसे काढून आणू नका.

दुसरी भीती कामाची. "आज हा पकडला जाईल, उद्या याच्या जागी येणारा माझी फाईल कायमची दाबून ठेवेल." असं करायचा प्रयत्न होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तक्रारदाराचं रखडलेलं काम मार्गी लागावं म्हणून विभाग संबंधित खात्याकडं पाठपुरावा करतो, आणि ज्या कचेरीत नुकताच सापळा झाला आहे तिथं तुमच्या फायलीवर सगळ्यांचं लक्ष असतं. तुमच्या बाजूनं एक तयारी ठेवा: कागद पुरे असू द्या. अर्जाची पोच, तारीख, जोडलेल्या कागदांची यादी. तुमचं काम नियमात बसणारं असेल तर पुढं ते अडवणाऱ्याला कारण लेखी द्यावं लागेल.

तिसरी भीती सगळ्यांत अवघड, माणसांची. पकडला गेलेला ग्रामपंचायत अधिकारी शेजारच्या गावचा, कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी वर्गमित्र. दुसऱ्याच दिवशी घरी माणसं यायला लागतात. "त्याची पोरं लहान आहेत." "नोकरी जाईल, पाप लागंल." "मिटवून घ्या, तुमचंबी काम करून देऊ." हे बोलणाऱ्यांतले बरेच जण वाईट नसतात. पण त्यांना एक विचारावं: विहिरीच्या हप्त्यासाठी ज्या बाईनं गळ्यातलं गहाण ठेवलं, तिच्या दारात तुम्ही कधी गेला होता का? आणि घरी येणारी माणसं धमकावत असतील तर लगेच विभागाच्या अधिकाऱ्याला कळवा. साक्षीदाराला संरक्षण देण्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे.

काही जण नाव न देता पत्र पाठवतात. अपसंपदेबाबत नेमकी माहिती असेल, कुठं जमीन घेतली, कुणाच्या नावावर घेतली, तर अशा पत्राचाही उपयोग होऊ शकतो. लाचेच्या मागणीवर मात्र निनावी पत्रानं सापळा लागत नाही. आणि जुन्या भांडणाचा सूड म्हणून खोटी तक्रार करायचं मनात असेल तर ते काढून टाका. पडताळणीत ती टिकत नाही, तुम्हीच अडचणीत येता, आणि पुढच्या खऱ्या तक्रारदाराकडंही लोक संशयानं बघतात.

पुष्कळदा मागणी झालेलीच नसते, काम फक्त रखडलेलं असतं. अर्ज दिला, तीन महिने झाले, उत्तर नाही. त्यासाठी लाचलुचपतवाल्यांकडं जाऊन उपयोग नाही. तिथं महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ कामाला येतो. अधिसूचित सेवा किती दिवसांत मिळाली पाहिजे हे त्यात ठरलेलं आहे आणि ते कार्यालयात फलकावर लावलेलं असलं पाहिजे. मुदत टळली की तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, शेवटी आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. माहितीचा अधिकारही आहेच: दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. "माझ्या अर्जावर रोज काय कारवाई झाली, तो आज कोणत्या टेबलावर आहे" एवढंच विचारा. या अर्जानंतर फाईल बहुधा हलते. आणि हलता हलता कुणी पैसे मागितलेच, तर मग १०६४.

ऑक्टोबरच्या शेवटी सरदार पटेलांच्या जयंतीच्या सुमारास दक्षता जनजागृती सप्ताह होतो. बसस्थानकावर, बाजारात पत्रकं वाटली जातात, कचेऱ्यांत शपथ घेतली जाते. पत्रक मिळालं तर फेकू नका, घरात लावा. कचेऱ्यांमधल्या प्रामाणिक माणसांनाही मला इथं काही सांगायचं आहे. तुम्ही आहात, आणि पुष्कळ आहात. शेजारच्या टेबलावर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक असतं. पंच म्हणून बोलावलं की आजारपणाची रजा टाकू नका. पंचाची साक्ष तक्रारदाराइतकीच मोलाची असते, आणि तुम्ही साक्षीत डळमळलात तर ज्यानं धाडस केलं तो एकटा पडतो.

आता त्या वार्षिक बातमीकडं कसं बघायचं ते सांगतो. सापळ्यांच्या संख्येवर थांबू नका. पकडलेल्यांचं पुढं काय झालं ते विचारा. खटला चालवायला भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे संबंधित खात्याची मंजुरी लागते. कायदा त्यासाठी तीन महिने देतो, फार तर आणखी एक. मंजुरीसाठी अडकलेली प्रकरणं, अजून निलंबित न केलेले आरोपी, शिक्षा होऊनही बडतर्फ न झालेले, यांच्या याद्या विभाग स्वतःच आपल्या संकेतस्थळावर देत आला आहे. त्या याद्या फार थोडे लोक उघडतात. पत्रकारांनी त्यातली आपल्या जिल्ह्याची नावं दर वर्षी छापावीत. ग्रामसभेत, जिल्हा परिषदेच्या सभेत सदस्यांनी त्यावर प्रश्न विचारावेत. पकडलेला माणूस पुन्हा त्याच तालुक्यात खुर्चीवर बसलेला दिसला, की पुढचे दहा तक्रारदार घरीच बसतात.

शिक्षेचं प्रमाण समाधानकारक नाही. खटला उभा राहिल्यावर निम्म्याहून बरेच जास्त आरोपी सुटतात. कारणं अनेक: मंजुरीतल्या चुका, ढिसाळ पंचनामे, वर्षानुवर्षं लांबणाऱ्या तारखा. त्यात एक कारण आपलंही आहे. तक्रारदार कोर्टात फितूर होतो. "आठवत नाही." "ते पैसे घरपट्टीचे होते." "मी उसने परत केले होते." तोवर पाच-सात वर्षं गेलेली असतात, काम झालेलं असतं, पाहुण्यांनी मिटवलेलं असतं.

१५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नीरज दत्ता खटल्यात सांगितलं की तक्रारदार फितूर झाला, मरण पावला किंवा साक्षीला येऊ शकला नाही, तरी इतर साक्षीपुराव्यांवरून आणि परिस्थितीवरून मागणी सिद्ध करता येते. म्हणजे तुम्ही मागं फिरलात म्हणून आरोपी सुटेलच असं नाही, आणि शपथेवर खोटं सांगणं हा तुमचा स्वतंत्र गुन्हा ठरतो. पण तुमची सरळ, ठाम साक्ष असेल तर खटल्याचं बळ कितीतरी वाढतं. म्हणून तक्रार देतानाच मनाशी धरून चाला की हे काम सापळ्याच्या दिवशी संपत नाही. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत मागून घ्या, ती मोफत मिळते. तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये मागणीचं बोलणं टिपलेलं असेल तर ते पुसू नका, फोन विकू नका, कारण मूळ यंत्र पुरावा म्हणून लागू शकतं. नंबर बदलला, कामासाठी पुण्याला गेलात, तर विभागाला कळवा. समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतं आणि तारीख फुकट जाते. साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटा, तक्रारीच्या वेळी दिलेला जबाब वाचून घ्या, कारण बारीकसारीक गोष्टी इतक्या वर्षांनी कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. उलटतपासणीत जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणा, पण जे ठाऊक आहे ते सोडू नका.

आणि ज्यांच्यावर अशी वेळ आलेली नाही, त्यांनीही हात बांधून बसू नये. तुमच्या गावातला कुणी साक्षीला निघाला असेल तर त्याला एकटं पाठवू नका. सकाळच्या एसटीनं त्याच्याबरोबर कोर्टापर्यंत जा, बाहेरच्या बाकावर बसून राहा, समेटाला आलेल्या पाहुण्यांशी तुम्ही बोला. जाणं जमत नसेल, तर त्या दिवशी त्याच्या रानातली पाण्याची पाळी तुम्ही धरा.